संगिनीखाली

"संगीन उघडून बघ," आयली म्हणाली.

"बघतो हो, मिसेस कोस्केला. वरून सुरुवात तर करू द्या." आर्व्हिडने बंदूक आपल्या दुकानाच्या काउंटरवरच्या जुन्या टॉवेलवर ठेवली. आयलीने ती उलटी दिली होती, नळीची खालची बाजू वर करून. बंदुकांची सवय नसलेली माणसं अशीच देतात.

तिच्या शेजारी तिची नात उभी होती. टेस. ताठ, हात मागे बांधून. केस नुकतेच अगदी बारीक कापलेले, मानेवर उन्हाने रापल्याची रेघ अजून दिसत होती.

"मी सोमवारी जातेय, सर. मग घरात आजी एकटीच. म्हणून तिला ही विकायचीय." टेस जरा थांबली. "मला नाही विकायची."

"कॉलेजला का?"

"आधी बंदूक," आयली मध्येच म्हणाली. "आणि माझ्या तोंडाकडे बघून काही सांगू नकोस. परवा पाद्रीबाबांनासुद्धा सोडलं नाहीस म्हणे."

"त्यांच्या बंदुकीचा दस्ता बदललेला होता. मी तरी काय करू?"

"तेच म्हणते मी. गाव म्हणतं, आर्व्हिड बायकोशी खोटं बोलेल, बंदुकीशी नाही."

आर्व्हिड हसला. भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याला त्याच्या बायकोनेच लोकरीची टोपी घातली होती.

बंदूक एसकेएस होती, नळीखाली घडीची संगीन असलेली जुनी फौजी रायफल. या जातीच्या त्याच्या हातून ढिगाने गेलेल्या. रशियन, युगोस्लाव्ह, चिनी; लांबून सगळ्या सख्ख्या बहिणी. ही चिनी. डाव्या अंगाला त्रिकोण, त्रिकोणात सव्वीसचा आकडा. बोल्टवर, मॅगझिनवर, दस्त्यावर एकच क्रमांक.

"सगळे भाग जन्मापासूनचे," तो म्हणाला. "आता प्रश्न एकच. चिनी बंदुका इथे अमेरिकेत दोन वाटांनी आल्या. काही आपली पोरं व्हिएतनामहून सामानातून घेऊन आली. बाकीच्या पुढे जहाजाने आल्या, पेट्या भरभरून, आणि माझ्यासारख्यांच्या दुकानात विकल्या गेल्या. अंगाने सारख्याच. पहिलीचे मी दोन हजार डॉलर देईन, दुसरीचे पाचशे."

"मग ओळखायच्या कशा?" टेसने विचारलं.

"पेटीतून आलेलीवर आयात करणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. बारीक अक्षरांत, कुठेतरी लपवून."

"मग हिच्यावर नसणारच. ही आजोबांनी लढाईहून आणलीय. बाबांना त्यांनी सगळं सांगितलं होतं. ती नदी, ते धुकं, हिच्या मालकाशी झालेली झटापट."

आर्व्हिडला ती नदी पाठ होती. दर शरद ऋतूत शिकारीच्या तळावर, चुलीपाशी, आयलीचा नवरा रायनो कोस्केला ती गोष्ट सांगायचा. पोरं श्वास रोखून ऐकायची. त्यात आर्व्हिड होता आणि त्याला चिकटून बसलेला रायनोचा मुलगा, टेसचा बाप, डेल. गोष्ट संपली की डेल या बंदुकीच्या दस्त्यावर हात ठेवायचा, जसा कोणी देवळात ठेवतो. पुढे तो फौजेत गेला. इराकहून आला तो झेंड्यात गुंडाळून. टेस तेव्हा पाळण्यात होती. शाळेच्या दारात त्याचा फोटो अजून आहे.

आर्व्हिडने संगीन उघडली. बाकी सगळी बंदूक कोरडी, कपाटातल्या धुळीची. बिजागरी मात्र आवाज न करता, लोण्यासारखी फिरली.

आणि संगिनीखाली, नळीवर, मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं. कंपनीचं नाव. गाव. राज्य.

त्याने मान वर केली. आयली त्याच्याकडेच बघत होती, दोन्ही तळवे काउंटरच्या कडेवर दाबून. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेली माणसं डॉक्टरकडे बघतात, तशी.

या बाईचा नवरा गेला. मुलगा गेला. उरली ती एवढी गोष्ट. आणि तीच खोटी निघाली, तर मग डेल कशासाठी... त्याने पुढचा विचार केला नाही. संगीन मिटवली.

"शिक्का नाही."

"नीट बघितलंस?" आयलीने पर्समधून भिंग काढलं. "हे घे. परत बघ."

"मिसेस कोस्केला, आयुष्य गेलं माझं ह्यात."

"आर्व्हिड."

"खरी आहे. रायनोने आणलेलीच आहे." आवाज शक्य तेवढा मऊ करून तो म्हणाला, "निश्चिंत राहा."

टेसने पालथ्या हाताने डोळे पुसले. "ऐकलंस आजी?" तान्हं उचलावं तशी तिने बंदूक उचलली, मानेखाली हात घालून. "थँक्यू, सर. ही आता कुठेच जाणार नाही." आणि ती गाडीकडे निघाली.

आयली भिंग पर्समध्ये ठेवत होती. पर्सची कडी तिला लागेना. आर्व्हिड काउंटरला वळसा घालून आला, त्याने ती लावून दिली.

"रायनो कधी विमानात बसला नाही," ती म्हणाली. "केंटकीच्या छावणीत बटाटे सोलले त्याने. लढाई संपेपर्यंत तेच. ही मी घेतली होती, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला. तुझ्या वडिलांकडून. इथेच उभी होते."

आर्व्हिडने काचेतून बाहेर पाहिलं; टेस बंदूक गाडीत ठेवत होती.

"डेलला सांगेन, सांगेन म्हणत राहिले. हिला सांगितलं, तर म्हणते, मला अडवायला तू काहीही बोलशील, आजी. मग काल बिजागरीला तेल घातलं. म्हटलं, तुझ्या तोंडून तिला खरं ऐकू दे."

बाहेर टेसने हॉर्न वाजवला, दोनदा, लाडात.

"सोमवारी फौजेत भरतीची सही आहे तिची," आयली म्हणाली.