हळदीतली बुंदी

"आधी जेवते, काकू. गाणं मग," असं म्हणत सगुणा थेट पहिल्या पंगतीत, पुरुषांच्या रांगेत जाऊन बसली! इंदुकाकूंच्या नातीची हळद होती. जिची गाणी प्रत्येक मोबाइलवर वाजतात ती सगुणा बिदागी न घेता आली, म्हणून काकूंची मान नुसती ताठली होती. तीन गावं मांडवात लोटली होती.

पंचवीस वर्षांपूर्वी काकूंच्या लेकीच्या हळदीत चिमुरडी सगुणा पत्र्याचा डबा बडवत दुपारभर गायली होती, उपाशीपोटी. "आधी गाणं, मग जेवण," काकूंनी बजावलं होतं. तिचा घसा बसला, तेव्हा भरल्या टोपलीवर फडकं ओढून त्या म्हणाल्या होत्या, "बुंदी संपली गं. जा घरी."

आज त्याच काकूंनी आपल्या हातानं तिला तीनदा बुंदी वाढली. सगुणानं बोटं चाटत सगळी खाल्ली. ढोलकीवर थाप पडली, तसा काकूंनी माइक पुढे केला.

"म्हण गं बाई, सगळे खोळंबलेत."

सगुणा गोड हसली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं माइकमधून म्हणाली, "गाणी संपली, काकू. जाते घरी."