शिडाजवळचा आवाज

भिंगारला गच्चीवर कपडे वाळत घालताना खुर्शीदला हारिसचा समुद्रातून फोन आला. पोरगा एकटाच शिडाची होडी घेऊन गोव्याहून मॉरिशसला निघाला होता.

"अम्मी, वारा एकदम उलटला. तू सांगितलंस तसं शीड अर्धं उतरवलं, होडी डावीकडं वळवली. वाचलो बघ!"

"मी? अरे, आठवडाभर आपलं बोलणंच कुठं झालंय?"

तो हसला. "मग रोज माझ्या मागं बसून सांगते, ती कोण?"

खुर्शीदच्या हातातली ओली चादर गळून पडली. ती काही विचारणार, तोच फोनमधून तिचाच आवाज आला, थकलेला, मायेचा.

"फोन ठेव आता, बेटा. मी आहे ना इथं."