बेस कोणी वाजवला?

जबलपूरच्या कॉलेजातल्या पोरांनी सत्तरच्या दशकात एकच रॉक अल्बम काढला होता. त्याचा आवाज नव्याने साफ करून संग्राहकांसाठी खास आवृत्ती आली, तेव्हा यूट्यूबवर जुन्या रेकॉर्डांचं परीक्षण करणारा अनुपम ती घेऊन थेट नेपियर टाउनला आजी-आजोबांकडे आला.

"गाणाऱ्याचा आवाज उगाच चकचकीत केला यांनी. ड्रमची तर जानच काढून टाकली," ऐकता ऐकता तो वैतागला. "पण आजी, हा बेस गिटार ऐक. पहिले दबून गेला होता, आता काय मस्त येऊन राहिला! पूरा अल्बम हिच्याच भरोशावर उभा आहे."

"हिच्या?" मटार सोलता सोलता लतिकाबाईंनी विचारलं.

"कुमुद वझलवार. कंपनीवाल्यांनी खूप शोधलं, मिळालीच नाही. आजोबा, तुम्ही तर त्याच कॉलेजात होते न? माहीत होती का ही?"

लतिकाबाईंचे हात थांबले. आता तरी हे सांगतील, असं वाटून त्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"छोड न बेटा," मुरलीधरराव म्हणाले. "चांगल्या घरच्या पोरी असलं काही वाजवत नव्हत्या. एव्हाना मेलीही असेल. अगं, चहा टाक जरा."

 

लग्नात कुमुदचं नाव बदलून, ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'लतिका' असं त्यांनीच लिहिलं होतं.