प्रिय ग्राहक

बँकेच्या अ‍ॅपवर कर्ज नाकारलं की लोक शिव्या घालत. साहेबांनी मजकूर लिहिणाऱ्याला बजावलं, "नकार असा लिही, की माणसानं उलट आभार मानले पाहिजेत. आणि आधी एखाद्या खऱ्या गरजूवर आजमावून बघ."

मजकूर झाला, पण गरजू आणायचा कुठून? तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, यांचं ऑपरेशन परवावर आलंय रे. थोडे पैसे देशील?"

पैसे त्याच्याकडे होते. "कळवतो," म्हणाला, आणि मजकुरातलं 'प्रिय ग्राहक' खोडून, 'लाडके छकुले' घालून तिला पाठवून दिला.

तिचं उत्तर आलं, "नाही म्हणालास, तेही किती मायेनं! असा भाऊ मिळायला भाग्य लागतं."



त्यानं 'लाडके छकुले' खोडून पुन्हा 'प्रिय ग्राहक' केलं आणि साहेबांना कळवलं, "आभार आले, साहेब. उद्यापासून लावू या."