श्मिटांचं स्थळ

“लोहार?” जितेंद्रमामाने घावनाचा तुकडा परत बशीत ठेवला. “म्हणजे ऐरणीवर ठोकाठोकी करतो तो लोहार?”

“श्मिट म्हणजे लोहार. पण ते पाचसहाशे वर्षांपूर्वी,” इशिता म्हणाली. “लुकास विमा कंपनीत आहे, मामा.”

लुकास श्मिट सोफ्याच्या टोकाला अवघडून बसला होता. इशिताला रीतसर मागणी घालायला तो श्टुटगार्टहून मीरा रोडला आला होता. समोर तिचे वडील काशीनाथ रायगडकर, आई वासंती आणि मामा जितेंद्र प्रतापगडकर बसले होते. काशीनाथांनी होकार दिला की डिसेंबरात लग्न. नकार दिला, तर लग्न तिकडेच होणार होतं आणि मग मी या घरात पाऊल टाकणार नाही, असं इशिताने सांगून ठेवलं होतं. अडचण एवढीच होती, की काशीनाथांचा होकार आजवर नेहमी मामाच्या तोंडून यायचा.

चार वर्षं वासंतीचं एकच पालुपद होतं, “कोणीही आण, पण आपल्यातला आण.” जवळच्याच मुर्धे गावचा साईराज तिला मागणी घालायला आला, तो त्याच कारणाने परत गेला. आपल्यातला म्हणजे नक्की कोणातला, हे इशिताने विचारलं की वासंती मामाकडे बोट दाखवायची. मामा सांगायचा, “आपल्या पूर्वजांच्या हातात तलवारी होत्या.” गाव मात्र तिला कोणी कधी दाखवलं नाही. तिथे आता काही उरलेलं नाही, म्हणायचे.

जर्मन मुलगा म्हटल्यावर मामाची हरकत नव्हती. जर्मन माणसं शिस्तीची, गाड्याही चांगल्या बनवतात. श्मिट हे नावसुद्धा भारदस्त वाटत होतं. बिल्डिंगमध्ये त्याने ते चार जणांना सांगूनही टाकलं होतं. आज सहज म्हणून त्याने अर्थ विचारला आणि घात झाला.

“लोक विचारणार ना, मुलगी कोणाकडे दिली?” मामा म्हणाला. “ए विंगच्या सुगंधावहिनी तर आधी आडनाव विचारतात, मग पाणी. त्यांना काय सांगू, लोहाराकडे?”

“सुगंधावहिनींना जर्मन येतं?”

“मोबाइल आहे ना त्यांच्याकडे!”

वासंतीने शेवटचा उपाय करून पाहिला. “याच्या आईच्या माहेरचं काय आहे गं?”

इशिताने विचारलं. लुकासचा चेहरा उजळला. “म्युलर!”

“म्हणजे?”

“पिठाच्या गिरणीवाला.”

वासंतीने डोळे मिटले.

आपल्या घराण्यात एवढा रस घेतला जातोय हे पाहून लुकासला धीर आला. तो भराभर बोलू लागला आणि इशिता सांगत गेली. जर्मनीतल्या आडनावांत संख्येने म्युलर पहिले, श्मिट दुसरे. वेगवेगळी स्पेलिंगं एकत्र मोजली तर श्मिट म्युलरांनाही मागे टाकतील. कारण साधं होतं. प्रत्येक गावाला एक लोहार लागायचाच. त्याच्यावाचून नांगर अडायचा, घोडा अडायचा. लोक त्याला कामावरून हाक मारायचे, ती हाक पुढे पोरांना चिकटली.

“तो विचारतोय, आपल्याकडे गावोगाव लोहार नव्हते का?”

“नव्हते कसे!” मामा उदारपणे म्हणाला. “गाव तिथे लोहार. आमच्या गावीही होता एक.”

इशिताने ते लुकासला सांगितलं. त्याने मान हलवली आणि खालच्या दिशेला बोट दाखवून काहीतरी विचारलं.

“खाली लिफ्टजवळ पाटी आहे ना, बहात्तर नावांची,” इशिता म्हणाली. “लिफ्ट येईपर्यंत त्याने माझ्याकडून सगळी वाचून घेतली. शहा आहेत, मिश्रा आहेत, फर्नांडिस आहेत. तिसऱ्या मजल्यावर प्रतापगडकर, चौथ्यावर रायगडकर. लोहार एकही नाही. तो म्हणतो, गाव तिथे लोहार होता, तर ते सगळे गेले कुठे?”

मामा पंख्याकडे बघू लागला. वासंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

काशीनाथांनी चष्मा पुसला. आयुष्यभर त्यांनी ग्रंथालयात नोकरी केली होती आणि मोठ्याने बोलायची सवय त्यांना तिथेही लागली नव्हती, घरीही नाही. श्मिट या नावाचा अर्थ त्यांनी महिन्यापूर्वीच पुस्तकात पाहिला होता. महिनाभर ते गप्प होते.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. घावनांचा तवा त्यांनी फडक्यात धरून आणला आणि टीपॉयवरच्या वर्तमानपत्रावर ठेवला. जाड, काळा, एका बाजूला किंचित वाकलेला. मामाने तो तीनदा भंगारात काढायला लावला होता आणि वासंतीने तीनदा परत आणला होता.

लुकासने वाकून पाहिलं. कडेने हातोडीचे ठसे होते. त्याने मुठीने ठोकल्याची खूण करून भुवया उंचावल्या.

“हो, हातचा आहे,” काशीनाथ म्हणाले. “हिच्या वडिलांनी घडवलेला. लग्नात दिला आम्हाला.”

“आजोबांनी?” इशिता आईकडे बघत राहिली.

“भावोजी!” मामा अर्धा उठला.

“बस, जितेंद्र. तलवारी हातात होत्या हे तू खरंच सांगतोस. धार लावायला यायच्या.” काशीनाथ आता थांबणार नव्हते. “इशिता, सत्त्याऐंशी साली आम्ही गॅझेटात आडनाव बदलायचे दोन अर्ज एकाच दिवशी दिले. तुझ्या मामाने स्वतः प्रतापगड घेतला आणि मला रायगड दिला.”

लुकास अजून तव्याची कड न्याहाळत होता.

काशीनाथ वासंतीकडे वळले.

“चार वर्षं शोधत होतीस ना? घे. मुलगा आपल्यातलाच आहे.”