काळा चौकोन

“माझ्याकडे कोण येतं-जातं ते हिच्या मोबाइलवर दिसता कामा नये,” खांबेटे काकांनी माझ्याकडे बोट दाखवत शिडीवरच्या कॅमेरावाल्याला दरडावलं.

आमची दारं शेजारीशेजारी. माझं पायपुसणं चार बोटं जरी त्यांच्या बाजूला सरकलं, तरी काका ते लाथेने भिरकावून देत. पण मजल्यावर दोनदा चोरी झालेली, कॅमेरा हवाच होता. शेवटी कॅमेरावाल्याने चित्रात त्यांच्या दारावर कायमचा काळा चौकोन टाकला. काकांनी चष्मा लावून तो तपासला, तेव्हा कुठे शिडी हलली.

रविवारी संध्याकाळी मी भांडायच्या तयारीनेच दार उघडलं. पायपुसणं पार त्यांच्या दारापर्यंत गेलं होतं आणि काका स्वतःच्या उंबऱ्यात पालथे पडले होते. अंग गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने रेकॉर्डिंग बघायला मागितलं. “हे काळं काढता येत नाही?”

“नाही गं. बाबांनीच टाकून घेतलं होतं.”

रेकॉर्डिंगमध्ये रविवारी दुपारी अडीचला त्या काळ्यातून एक हात बाहेर आला. त्याने पायपुसण्याची कड धरली, ओढली, सोडली, पुन्हा धरली. तेरा मिनिटं.

“तुम्ही घरी नव्हतात का, काकू?”

“झोप लागली होती गं,” मी म्हणाले.

झोप कसली! दाराशी काही हललं की कॅमेरा मोबाइलवर कळवतो, तसा अडीचला मोबाइल वाजला होता. पडद्यावर पायपुसणं सरकताना दिसलं, तशी ‘लागला म्हातारा छळायला’ म्हणत मी मोबाइल पालथा टाकला होता. कोण ओढतंय, ते बघितलंच नाही.