साफ केलेला आवाज

शाळेचं फाटक दिसलं की लेकीच्या छातीत धडधड सुरू व्हायची आणि हात गार पडायचे. आई होती तोवर ती तिला गाडीतच छातीशी धरायची. म्हणायची, "माझ्याबरोबर श्वास घे." पाच मिनिटांत पोरगी उड्या मारत वर्गात. आता आई जाऊन दोन महिने झाले होते. समजावून, रागावून, नाही नाही ती आमिषं दाखवून बापानं हात टेकले होते.

मग त्याला मन शांत करायचं ते जुनं रेकॉर्डिंग आठवलं. स्टुडिओत आवाज साफ करणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. बायकोच्याच आवाजात त्यानं ते केलं होतं: मागे संथ बासरी आणि तिचं "खोल श्वास घ्या, हळूच सोडा." ऐकणाऱ्याला खरखर नको म्हणून दोन दिवस खपून त्यानं तिच्या वाक्यांमधला प्रत्येक श्वासाचा आवाज कापून टाकला होता. "माझे एवढे श्वास टाकलेस कुठे रे?" असं तिनं हसत विचारलंही होतं.

फाटकाशी गाडी थांबवून त्यानं ते लावलं. आईचा आवाज येताच लेकीनं डोळे मिटले. पहिली सूचना झाली, दुसरी झाली. ती आपली कान देऊन, श्वास रोखून बसलेली.

"घे ना गं बाळा. आई सांगतेय ना?"

"ती नुसती सांगतेय, बाबा. स्वतः श्वास घेतच नाहीये. मग मी कुणाबरोबर घेऊ?"